सरत्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा आणि नवी सुरुवात नेमकी केव्हा करावी?

त्रिमूर्तीनगरवासी:

नमस्कार. वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला आहे आणि दोन प्रश्न काही केल्या सुटत नाहीत, म्हणून येथील अनुभवी मंडळींचे मत विचारते.

आमच्या नागपूरच्या घरात या वर्षी काय घडले ते आधी थोडक्यात सांगते. सासूबाई जानेवारीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत गेल्या. त्याच काळात मुलीची बारावी, मग प्रवेशपरीक्षा, मग प्रवेशाच्या फेऱ्या असे सारे पार पडून ऑगस्टमध्ये ती अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेली. मी बरीच वर्षे घरीच नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेत होते. दहावीची परीक्षा आटोपल्यावर ती बंद करावी लागली. आता घरात आम्ही दोघेच असतो, यजमानांची नोकरी फिरतीची आहे, आणि लग्नानंतर प्रथमच दुपारचा वेळ पूर्णपणे माझ्या हातात आहे.

पहिला प्रश्न असा, की हे वर्ष आठवू लागले की डोळ्यांसमोर फक्त दवाखाना, औषधांच्या वेळा आणि शेवटचे पंधरा दिवस येतात. 'माझे म्हणून या वर्षात काहीच झाले नाही' असे वाटत राहते, आणि तसे वाटले की सासूबाईंच्या बाबतीत आपण कोत्या मनाने विचार करतो आहोत अशी टोचणीही लागते. अशा वर्षाचा आढावा प्रामाणिकपणे घ्यायचा तर तो कसा घ्यावा?

दुसरा प्रश्न शिकवणीचा. ती १ जानेवारीपासून पुन्हा सुरू करावी असे माझ्या मनात आहे. जाऊबाईंचे म्हणणे, वर्षश्राद्ध होईपर्यंत नवे काही आरंभू नये. मैत्रीण म्हणते, गुढीपाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, तोपर्यंत थांब. यजमान म्हणतात, इतके झाले, आता जरा विसावा घे. तिघेही माझ्या भल्याचेच बोलतात, त्यामुळे निर्णय अधिकच अवघड झाला आहे. डायरीच्या पहिल्या पानावर संकल्पांची यादी करायला मात्र कृपया कोणी सांगू नये. तिळगूळ वाटून होईपर्यंत त्या यादीचे काय होते ते आपण सगळेच जाणतो.

इतवारीचा मुनीम:

ताई, माझी सारी हयात धान्याच्या पेढीवर वह्या लिहिण्यात गेली, त्यामुळे मी पहिल्याच प्रश्नाला हात घालतो. आढावा आठवणीवर घेऊ नका, कागदावर घ्या. वर्षअखेरीस मालकाला 'यंदा धंदा कसा काय झाला?' असे विचारून आम्ही कधी खाती बंद केली नाहीत. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खात्यांची वही) पडताळून झाली की मगच तोंड उघडायचे, कारण मालकाला बुडालेली एक मोठी रक्कम तेवढी लक्षात असे आणि वर्षभर झालेली किरकोळ विक्री तो साफ विसरलेला असे.

घरात रोजकीर्द नसते, पण भिंतीवर कॅलेंडर असते. ते रद्दीत टाकण्याआधी खाली उतरवा आणि जानेवारीपासून एकेक पान सावकाश वाचा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलाच्या फेऱ्या, मुलीच्या पेपरांभोवती पेनाने केलेले गोल, कोपऱ्यात घाईघाईने लिहून ठेवलेला एखादा फोन नंबर, हे सगळे त्या चौकोनांत असते. त्याला पासबुक आणि दवाखान्याची फाइल जोडा. मग वहीत प्रत्येक महिन्याला एक पान द्या; डावीकडे जे अंगावर येऊन पडले ते लिहा, उजवीकडे त्यावर तुम्ही जे केले ते लिहा. 'चिडचिड झाली', 'थकवा आला' असे शेरे मारू नका. नुसत्या घटना लिहा. माझा अंदाज असा, की उजवी बाजू तुम्हाला वाटते तितकी रिकामी निघणार नाही.

आणखी एक पान वेगळे ठेवा, अर्धवट राहिलेल्या कामांचे. माणूस गेल्यानंतर कागदपत्रांचे किती धागे लोंबकळत राहतात हे ज्याने निस्तरले त्यालाच कळते: बँकेतील खाते आणि नामनिर्देशनाप्रमाणे मिळायची रक्कम, निवृत्तिवेतन असल्यास ते बंद करण्याचा अर्ज, शिधापत्रिकेवरील नाव कमी करणे, वीजमीटर किंवा घर त्यांच्या नावावर असेल तर ते बदलणे. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-सहा प्रती महापालिकेतून एकदमच घेऊन ठेवा, दर ठिकाणी मूळ प्रत मागतात. नव्या कामाला हात घालण्याआधी हे पान कोरे व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तारखेविषयी एवढेच सांगतो, की आमच्या पेढीचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाने बदलत आले आणि सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला बदलते. त्यामुळे १ जानेवारीचे मला फारसे अप्रूप नाही.

मानसशास्त्राची शिक्षिका:

मुनीमकाकांच्या सल्ल्याला संशोधनाचाही आधार आहे. डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला, आणि दुसऱ्या वेळी तितकाच वेळ धरून शिवाय आणखी ३० सेकंद तो तसाच ठेवला, पण त्या जादा वेळात पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढत गेले. यांपैकी कोणता प्रकार पुन्हा चालेल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे अधिक लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. मन मागे वळून पाहते तेव्हा काळाची लांबी जवळजवळ मोजतच नाही; सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट या दोहोंवरून ते अख्ख्या काळाची किंमत ठरवते. ताई, तुमच्या वर्षातला सर्वांत तीव्र काळ आणि त्याचा शेवट हे दोन्ही एकाच आजारपणाशी जोडलेले आहेत, म्हणून बाकीचे सारे महिने त्याच रंगात बुडालेले दिसतात. त्यात कोतेपणा काही नाही, आठवणीची घडणच तशी आहे.

नव्या आरंभाविषयी हेंगचेन डाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ चा अभ्यास बराच उद्धृत केला जातो. आठवडा, महिना, वर्ष किंवा शैक्षणिक सत्र यांच्या आरंभी, तसेच वाढदिवसानंतर, लोक 'डाएट'विषयी अधिक शोध घेतात आणि व्यायामशाळेत अधिक जातात असे त्यात आढळले. म्हणजे जी तारीख आपल्याला मागच्यापासून वेगळी वाटते ती कोणतीही चालते, तिला जानेवारीच लागतो असे नाही. मला मात्र डाई यांचा २०१८ चा अभ्यास अधिक महत्त्वाचा वाटतो. हंगामाच्या मध्येच दुसऱ्या लीगमध्ये गेलेल्या बेसबॉलपटूंची आकडेवारी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशा वेळी आधी ज्यांचा खेळ खराब होता ते सुधारले, परंतु ज्यांचा चांगला चालला होता ते घसरले. पाटी कोरी करण्याचा फायदा ज्याची पाटी बिघडली आहे त्याला होतो, चालत्या कामाला त्याने खीळ बसते.

म्हणून माझा सल्ला असा, की नव्या वर्षाच्या उत्साहात पहाटेचे फिरणे, योगासने, वाचन, बचत या सगळ्यांची एकदम फेरमांडणी करू नये. जे ठीक चालले आहे त्याला हात लावू नका. बंद पडलेली गोष्ट एकच आहे, ती शिकवणी.

काटोलचा बागायतदार:

राम राम ताई. मी संत्रावाला माणूस, मानसशास्त्र मला कळत नाही, पण सुरुवात केव्हा करायची हा प्रश्न आम्हाला दर वर्षी पडतो म्हणून लिहितो.

आमच्याकडे वर्षाचा सर्वांत मोठा निर्णय डिसेंबरमध्येच होतो आणि तो काही सुरू करण्याचा नसतो, बंद करण्याचा असतो. आंबिया बहार, म्हणजे थंडी ओसरताना येणारा संत्र्याचा फुलोरा, घ्यायचा म्हटला की डिसेंबरात बागेचे पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस पुरतात, मध्यम ते भारी असेल तर महिना-दीड महिनाही लागतो. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, आणि नवखा माणूस बांधावरून विचारतो, की मोटार जळली काय? ह्याच दिवसांत आम्ही सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढतो, खोडांना बुरशीनाशक बोर्डो मलम लावतो, शेणखत आणून टाकतो. संक्रांतीच्या आसपास पहिले हलके पाणी सुटते, मग फूल निघते, आणि त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. मृग बहार धरणाऱ्याचे गणित निराळे असते. तो मे महिन्यात ताण देतो, पावसावर जून-जुलैत फुले येतात आणि तोडा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतो. दोन्ही बहार एकाच झाडावर घेण्याचा मोह अनेकांना होतो, दोन-चार वर्षांत झाड खचते.

कोणता बहार धरायचा हे आम्ही पंचांग पाहून ठरवत नाही. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकते, मागच्या हंगामात झाडावर किती ओझे होते, ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ कितपत झाली, हे वहीत लिहिलेले असते, त्यावरून ठरते. आणि ताण पुरा बसला की नाही हे झाड सांगते. पाने अजून हिरवीगार असताना घाई करून पाणी सोडले, तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते आणि वर्ष जाते.

हे झाडांचे झाले, माणसाला ते जसेच्या तसे लागू करावे असे मी म्हणणार नाही. तुमचे यजमान विसावा घ्या म्हणतात त्यात मला तथ्य दिसते, पण विसावा म्हणजे स्वस्थ बसणे असे आमच्याकडे तरी नसते. सल काढायची असतेच. मुनीमकाकांनी सांगितलेली कागदपत्रे मी त्यातच धरीन.

महालातले आजोबा:

जाऊबाईंच्या म्हणण्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण या वादात घराघरांतून विनाकारण मने दुखावतात. सुतक दहा दिवसांचे असते आणि तेराव्याला गोडाचे जेवण होऊन घर पुन्हा व्यवहाराला लागते. पुढे वर्षभर सण थाटाने न करणे आणि लग्न-मुंजीसारखे मंगलकार्य पुढे ढकलणे ही रीत पुष्कळ घरांत पाळतात, कोणी कमी, कोणी जास्त. उपजीविकेचे काम किंवा विद्यादान यांना ती रीत आडवी येत नाही. तुमचे यजमान तेराव्यानंतर नोकरीवर रुजू झालेच असतील. तेव्हा पाडव्याला गुढी उभारू नका, शिकवणी मात्र खुशाल घ्या, आणि हे जाऊबाईंना वाद न घालता, त्यांना विचारायला गेल्यासारखे सांगा.

राहिला प्रश्न मागचे टाकून देण्याचा, तर त्यासाठी आपल्या नागपूरने ३१ डिसेंबरची वाट कधीच पाहिली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत (मारबत म्हणजे अनिष्टाचे प्रतीक असलेला मोठा पुतळा) १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी देत सारे शहर रस्त्यावर येते आणि मागून त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. आपल्याला काय नकोसे झाले आहे ते नाव घेऊन, मोठ्या आवाजात, चारचौघांत सांगण्याची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. लोक डायरीत काय हवे ते लिहितात, काय नको ते कोणी लिहीत नाही.

निवृत्त गणितशिक्षक:

वरील सर्व उत्तरे वाचली. ताई, तुमचा दुसरा प्रश्न मुहूर्ताचा नसून शाळेच्या वेळापत्रकाचा आहे आणि तेथे जानेवारी बसत नाही, एवढेच मला ठासून सांगायचे आहे.

दहावीची मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. जानेवारीत शाळांच्या सराव परीक्षा चालू असतात आणि त्या वेळी नवीन शिकवणी शोधत येणारा मुलगा बहुधा सराव परीक्षेतील गुण पाहून घाबरलेला असतो. त्याला तुम्ही पाया घालून देऊ शकत नाही, प्रश्नपत्रिका सोडवून घेऊ शकता, आणि निकाल मनासारखा लागला नाही तर बोल तुमच्या शिकवणीला लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे ओझे घेऊ नये. पालक पुढच्या वर्षाची शिकवणी एप्रिल-मेमध्ये, वार्षिक परीक्षा झाल्यावर ठरवतात. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे आपल्याकडे मधला मोकळा काळ चांगला मोठा मिळतो. आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलांसाठी तो सोन्यासारखा असतो. वर्ग मात्र सकाळी सात ते नऊ ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकत असताना दुपारी कोणी मूल पाठवत नाही आणि पाठवूही नये.

मग जानेवारी ते मार्च काय करायचे? बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. गणित भाग १ आणि भाग २, दोन्हींतील प्रत्येक सरावसंच आणि प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह स्वतः, वहीत, पायरीपायरीने सोडवा. दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची असते आणि पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे उत्तर तोंडी येते एवढ्यावर भागत नाही. भूमितीच्या रचना कंपास हातात घेऊनच करा. खंड पडलेल्या शिक्षकाचा हात सर्वांत आधी तेथे अडखळतो हे मी अनेकांचे पाहिले आहे. कॉलनीतील आठवीतील एक-दोन मुले शनिवारी फी न घेता बसवलीत तर बोलण्याची सवयही परत येईल.

घोषणा आणि आरंभ यांच्यात तयारीचा काळ असण्यात कमीपणा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ मध्ये केली आणि दीक्षा नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला घेतली. तारीख त्यांनी विचारपूर्वक निवडली हे खरे, पण त्यामागे एकवीस वर्षांचे अध्ययन उभे होते, हे आपल्या शहरात तरी कोणी विसरू नये. आपली कामे त्यापुढे फार लहान, म्हणून आपल्याला तीन महिने पुरतात.

मानसशास्त्राची शिक्षिका:

सरांच्या सूचनेला एक पुरवणी जोडते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, परंतु व्यक्तीनुसार ते १८ पासून २५४ पर्यंत बदलले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ती सवय न्याहारीनंतर, जेवणानंतर अशा ठरलेल्या प्रसंगाला बांधलेली होती. तेव्हा 'रोज दोन तास गणित' असे न ठरवता 'दुपारच्या जेवणाची भांडी आवरली की सरावसंच उघडायचा' असे ठरवावे.

त्रिमूर्तीनगरवासी:

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी कॅलेंडर उतरवून बसले. फेब्रुवारीपासून पुढची पाने जवळजवळ सगळी औषधांनी आणि डॉक्टरांच्या तारखांनी भरलेली आहेत, ते अपेक्षितच होते. परंतु मेच्या पानावर दहावीच्या निकालाच्या चौकोनात माझ्याच अक्षरात चार मुलांची नावे आणि त्यांचे गणिताचे गुण लिहिलेले सापडले. त्या दिवशी मुलांचे फोन आले होते आणि मी ते हातातल्या पेनाने तेथेच टिपले होते, हे मला अजिबात आठवत नव्हते. त्यातला एक मुलगा सहामाहीत नापास झालेला होता, त्याचे गुण आता पाहून मला पुन्हा एकदा आनंद झाला. उजवी बाजू अजून भरते आहे.

ठरवले ते असे. जानेवारीत सासूबाईंच्या नावची बँकेची आणि शिधापत्रिकेची कामे, कारण ती खरोखरच तशीच पडून आहेत. त्याच महिन्यापासून दुपारी सरावसंच, आधी भाग २, कारण सरांनी रचनांविषयी लिहिले ते नेमके लागू पडते. एप्रिलमध्ये नववीत जाणाऱ्यांचा सकाळचा वर्ग. जाऊबाईंना आजोबांनी सांगितल्याप्रमाणे विचारायला गेल्यासारखी गेले. त्यांचा आक्षेप दारावर पाटी लावून गाजावाजा करण्याला होता, शिकवण्याला नव्हता. त्यामुळे पाटी वर्षश्राद्धानंतर लागेल. यजमानांना मार्चअखेर चार दिवस पचमढीला जाऊ असे कबूल केले आहे, त्यांचा विसावाही त्यात साधेल.

सरांना एक विचारायचे राहिले. उन्हाळ्याच्या वर्गाची फी आधी घ्यावी की महिना संपल्यावर? पूर्वी मी महिन्याअखेरीस घेत असे.

निवृत्त गणितशिक्षक:

उन्हाळ्यात आधीच घ्या आणि पावती द्या. लग्नसराई लागली की अर्धी मुले मामाच्या गावाला जातात आणि पालक तेवढे दिवस वजा करून मागतात. एकूण किती तास होतील ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून पालकांची सही घ्यावी, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई होणार नाही हेही त्याच कागदावर असावे. वर्गात आठांपेक्षा जास्त मुले घेऊ नका. प्रत्येकाची वही तपासून होत नाही.